फळीखालची पाचर

आंबिवली
२४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय प्रभाकर सर,
साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला. झाला म्हणजे मीच केला. गणपतीत तुम्ही तिकीट लावून, वर स्वतःचा पत्ता घालून दिलेलं पाकीट तेव्हापासून माझ्या बॅगेत फिरतंय. मध्ये त्यात सिमकार्ड ठेवलेलं, मग टिकल्या ठेवलेल्या (टिकल्या का, ते सांगतो). रोज वाटायचं आज लिहू आणि रोज काहीतरी निघायचं. आई म्हणाली, सर देवळापाशी भेटले की विचारतात, तुझा मुलगा आता कुठे आहे. म्हणून बसलोय. फोनच केला असता, पण तुमचं कानाचं मशीन शिट्ट्या मारतं आणि आपण दोघंही नुसतं ‘काय? काय?’ करत राहतो.

तर मी आंबिवलीला आहे. ठाण्याचं मॉलमधलं काम सोडलं. तिथे मी अस्वल होतो. ड्रेस घालून पोरांशी हात मिळवायचे. काम वाईट नव्हतं, पण अस्वलाला पाठ खाजवता येत नाही. मॉलमध्येच ऐश्वर्या भेटली. वर्तकनगरची आहे, लग्नांचं शूटिंग करते. त्याच कॅमेऱ्यावर ती आता स्वतःचा सिनेमा करतेय. भुताचा.

सर, चष्मा काढू नका, पुढे वाचा.

आमच्याकडे काहीच नाही. कॅमेरा सरकवायला भाजीवाल्याची हातगाडी. धुक्यासाठी नारळाच्या शेंड्या जाळतो, त्यामुळे डासही जातात, हा फायदाच. रक्त म्हणजे बीट आणि गुळाचा पाक. परवा ते सगळं शेजारची बकरी चाटून गेली आणि दिवसभर लाल तोंडाने फिरली, ऐश्वर्या म्हणाली हिलाच घेऊया. रात्रीचे सीन दिवसा करतो, खिडक्यांना गोधड्या लावून, कारण घरमालकीण आजी दिवेलागणीनंतर कोणाला घरात ठेवत नाहीत. भाड्याने राहायला आलेली मुलगी म्हणून संचिता आहे, आवाजाचं काम सलिल बघतो. आणि हडळ मी. पांढरी साडी, लांब केस, टिकली. कॉलेजातल्या पोरी स्वतः आल्या असत्या, पण उन्हात गोधड्यांच्या आत तासन् तास उभं राहायला अस्वलाचा अनुभव लागतो.

घर शेवंतीबाई म्हणून एका आजींचं आहे. रेल्वेलाईनला लागून दोन खोल्या, एकट्याच राहतात. पहिल्याच दिवशी तांदळाची भाकरी आणि सुकट खायला घातली. मला हडळीच्या वेषात बघून म्हणाल्या, "पदर नीट घे रं, कोन पाहील."

तिथे एक काम मी तुमच्यासारखं केलं, त्याचं सांगायचं होतं. मालगाडी गेली की आजींच्या स्वयंपाकघरातली फळी हलायची आणि वरचे पितळेचे डबे असे वाजायचे की सलिलचं सगळं रेकॉर्डिंग वाया. सगळे म्हणाले गाड्यांच्या मधल्या वेळात करू. मी म्हटलं थांबा. स्टूलवर चढलो, बघितलं, तर डावीकडचा ब्रॅकेट फळीला टेकतच नव्हता. बांबूची पाचर तासली, फेव्हिकॉल लावून हातोडीने ठोकली. आता एक्स्प्रेस गेली तरी चिडीचूप. आधी कारण शोध मग हात लाव, हे तुमचंच.

आता खरं कारण. आमच्या शेवटच्या सीनमध्ये डब्याचं झाकण आपोआप हलायला पाहिजे. जवळून, एकाच शॉटमध्ये, कोणाचा हात दिसता कामा नये. तुमच्या काळ्या बॅगेत तो न दिसणारा दोरा होता ना, ज्याने तुम्ही गावोगावी नारळ उडवून दाखवायचात? ते कसं करतात सांगाल का? आठवीपासून मी ती बॅग उचलली, पण तेवढं तुम्ही कधी शिकवलं नाहीत.

हा सिनेमा मला पुरा करायचाय सर. आयटीआय अर्धं, कुरिअर अर्धं, अस्वल अर्धं. हे तरी.

आपला,
सूरज

*

डोंबिवली (पूर्व)
२ डिसेंबर २०२४

चि. सूरज यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. पाकिटाला उदबत्तीचा की शेंड्यांचा धूर लागलेला आहे, त्यामुळे मजकूर वाचण्याआधीच तुझ्या धंद्याची कल्पना आली. तुझी आई काल भेटली. तिला अस्वलाचे मी काही सांगितले नाही.

बॅगेतला दोरा मिळणार नाही. कसा वापरायचा तेही मी लिहिणार नाही. चाळीस वर्षे मी तो दोरा लोकांच्या डोक्यातले भूत काढायला वापरला. प्रत्येक प्रयोगानंतर तो सगळ्यांच्या हातात देऊन दाखवला, हे तू स्वतः पाहिले आहेस. तुमच्या सिनेमाच्या शेवटी तो दोरा दाखवणार असाल, तर बॅगेसकट घेऊन जा. नसाल तर तुमचे झाकण तुमच्या हडळीनेच हलवावे.

पाचरेचे काम मात्र उत्तम केलेस. वाचून फार बरे वाटले. गंमत म्हणजे आंबिवलीलाच, २००२ साली, मी अगदी हेच केले होते. लाईनलगत एका विधवा बाईंच्या घरात भांडी वाजतात, नवरा परत येतो, अशी वदंता होती. लोक त्या वाटेने जाईनात. आम्ही गेलो. मी फळीखाली हात घालून उभा राहिलो, मालगाडी आली आणि सगळा उलगडा झाला. शाळेच्या कार्यशाळेत सागवानाची पाचर तासून घेतली, वर माझी खूण कोरली आणि सगळ्या गावासमोर बसवली. पुढची मालगाडी गेली तेव्हा इतकी शांतता होती की लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या प्रत्येक व्याख्यानात हा प्रसंग असे. तूही पाचसहादा ऐकला असशील. बाईंचे नाव आता आठवत नाही.

सिनेमा पुरा कर. हडळ सोडून काही करता येते का बघ.

तुझा,
प्रभाकर

*

आंबिवली
९ डिसेंबर २०२४

आदरणीय सर,

या वेळी लगेच लिहितोय, कारण घोटाळा झालाय.

तुमचं पत्र यायच्या आधीच शूटिंग बंद पडलेलं. आजी बोलेनाशा झाल्या. भाकरी बंद, चहा बंद. भांडण नाही, काही नाही, ओट्यावर बसून लाईनीकडे बघत राहायच्या. गाडी गेली की उठून आत जायच्या, फळीखाली उभ्या राहायच्या, परत बाहेर. शेवटी म्हणाल्या, "पोरांनो, उद्यापासून येव नका." सलिलला वाटलं धुराचा त्रास होतोय. ऐश्वर्याला वाटलं विधवा बाईच्या घरात पांढरी साडी नेसून नाचतोय, ते लागलं असेल. ती जाऊन माफी मागून आली. आजी म्हणाल्या, "त्याचं काय नाय गो." बस.

मी सामान आवरायला गेलेलो, तेव्हा पोस्टमनने तुमचं पत्र दिलं (केअर ऑफ शेवंतीबाई लिहिलेलं ना). ओट्यावर बसून वाचलं. २००२, विधवा बाई, लाईनलगत. वर बघितलं तर आजी समोर तांदूळ निवडत बसलेल्या. मी विचारलं, "आजी, इथे कोणी मास्तर आलेले का कधी? फळी बघायला?"

सर, दहा दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या. आत गेल्या आणि तांदळाच्या डब्यातून एक लाकडाचा तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. सागवान. खाली प्र कोरलेला.

म्हणाल्या, "चांगला मानूस होता तुझा मास्तर. टाल्या वाजवून लोक घरी गेले, सकालच्याला मी काढली ही. कोन पाव्हना आला का परत लावायची. तुमी पोरं काय पाव्हनं नाय."

मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला अजून वाटतं की धोंडिबा येतात? (धोंडिबा म्हणजे त्यांचे मालक.) त्यांनी माझ्याकडे असं बघितलं ना, तुम्ही गणित चुकल्यावर बघायचात तसं.

"मना काय येडी समजतोस? गारीनं वाजतान ते. मास्तर यायच्या आदीपासून ठाव हाय मना."

गाडीला त्या गारी म्हणतात. मग सांगितलं. धोंडिबा मिठागरावर होते. फार बोलायचे नाहीत. भूक लागली की हाक मारायची नाही, बसल्या बसल्या डब्याचं झाकण बोटाने वाजवायचे आणि आजी आतून म्हणायच्या, आले, वाढते. ते गेल्यावर घर गप्प झालं. मग एक दिवस मालगाडी गेली, डबे वाजले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, आले, वाढते. तेव्हापासून संध्याकाळची मालगाडी गेली की त्या ताट घेतात. स्वतःचंच. "त्याच्यासाठी नाय रं. मी जेवते. नायतर एकट्या मानसाला जेवायचं ध्यान राहात नाय."

तुमची पाचर त्या हाताने काढू शकायच्या. माझ्या पाचरेला फेव्हिकॉल होता. पंधरा दिवस त्यांनी ओढून बघितली. मला सांगितलं का नाही विचारलं तर म्हणाल्या, "तू एवढ्या हौसेनं ठोकलीस."

लगेच छिन्नी घेऊन चढलो. पाचर निघाली, पण ब्रॅकेटचा कोपरा वाकला आणि फळीचा एक ढलपा उडाला. मालगाडी आली. सर, काहीच वाजलं नाही. फक्त एक डबा खर्रर्र करून सरकला. आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे," आणि आत जाऊन आडव्या झाल्या. संध्याकाळचे साडेसहा वाजलेले. जेवल्या नाहीत.

सिनेमाचं जाऊ द्या. थांबलेलं वाजणं परत कसं आणायचं? बंद कसं करायचं ते तुम्ही शिकवलंत, हे नाही शिकवलं.

सूरज

*

डोंबिवली (पूर्व)
१५ डिसेंबर २०२४

चि. सूरज,

पत्र दोनदा वाचले.

माझे निदान बरोबर होते. भांडी मालगाडीनेच वाजत होती आणि स्वतः बाईही तेच म्हणतात, हे नोंदवून ठेव. तेव्हा भूत परत आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हे एका बिघडलेल्या वस्तूच्या दुरुस्तीचे काम आहे आणि त्याला माझी तत्त्वतः हरकत असण्याचे कारण नाही.

आता नीट वाच. फळी एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला किंचित सुटी असेल तरच ती थरथरते. पूर्ण सुटी झाली तर घसरते, तुझ्याकडे तेच झाले आहे. वाकलेला ब्रॅकेट काढून लोहाराकडून सरळ करून घे. नवा आणू नकोस, नव्याचा आवाज वेगळा येईल. ढलपा उडाला तिथे जुन्याच लाकडाचा तुकडा चिकटव. मग फळी आणि ब्रॅकेटमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेव. पोस्टकार्ड सोबत पाठवत आहे, ते घालून मोजायचे आणि काढून घ्यायचे. डबे त्यांच्या नेहमीच्या क्रमानेच मांड आणि त्यांत नेहमीचेच धान्य नेहमीइतकेच हवे. भरलेला डबा आणि अर्धा डबा वेगवेगळे वाजतात.

यापुढचे मला सांगता येणार नाही. तो आवाज नेमका कसा होता ते मी ऐकले, पण ध्यानात ठेवले नाही, मी कारण शोधत होतो. ते बाईंनाच विचार. त्या हो म्हणेपर्यंत काम झाले असे समजू नकोस आणि मध्येच कुठे पळू नकोस.

प्रभाकर

ता. क. बाई दुसऱ्या दिवशीच पाचर काढत होत्या, म्हणजे मी बावीस वर्षे व्याख्यानात सांगत होतो ते फक्त एका दिवसापुरते खरे होते. याची मला आता गंमत वाटू लागली आहे. पहिल्या दिवशी वाटली नव्हती.

*

आंबिवली
२८ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

परत उशीर. तुम्ही पळू नकोस लिहिलेलंत आणि मी पळालोच. फार लांब नाही, मुरबाडपर्यंत. लोहाराने ब्रॅकेट बिघडवून ठेवला, मला वाटलं आता संपलं सगळं. म्हसा गावच्या जत्रेत जनरेटरवाल्याकडे काम मिळेल म्हणून निघालो आणि तिथे घोंगड्या विकणाऱ्या एका माणसाबरोबर चार दिवस बसलो. घोंगडी विकायला फार मजा येते सर, गिऱ्हाईक आधी नाकाला लावून वास घेतं. पाचव्या दिवशी एका बाईने घोंगडी उघडून, झटकून, परत जशी होती तशी घडी घालून दिली आणि मला एकदम आजींचं ताट आठवलं. तसाच एसटी पकडून आलो. मला वाटलेलं ऐश्वर्या मारेल. ती म्हणाली, "आलास? स्टूल पकड."

मग दुसऱ्या लोहाराकडून ब्रॅकेट सरळ करून आणला आणि आमचं रोजचं काम हेच. सकाळी फट करायची, पोस्टकार्ड घालून बघायची, गाडीची वाट बघायची. आजी ओट्यावर डोळे मिटून. गाडी गेली की निकाल.

"नाय."
"आता?"
"लय घाई करते ही. तो असा नव्हता."
"आणि हे?"
"ह्यो धोंडिबा नाय, त्याचा भाव."

तो भाऊ कर्कश होता म्हणे. सलिल, जो त्या आवाजाला वैतागलेला, तोच आता मायक्रोफोन घेऊन फळीखाली बसायचा आणि म्हणायचा, आजी, तिसऱ्या डब्यात तांदूळ कमी झालेत, त्याने फरक पडतोय. खरंच पडत होता, आम्हीच खाल्लेले.

शुक्रवारी संध्याकाळची मालगाडी आली. फळी थरथरली आणि झाकणं वाजली, हळू, एकामागून एक, कोणीतरी बसल्या जागेवरून बोट मारतंय तशी. आम्ही सगळे आजींकडे. त्या हो पण म्हणाल्या नाहीत, नाही पण नाही. उठल्या, "आले, वाढते" म्हणाल्या आणि आत जाऊन ताट घेतलं.

ऐश्वर्याने कॅमेरा चालूच ठेवलेला. सर, तोच आमचा शेवटचा शॉट. दोरा नाही, हात नाही, काही खोटं नाही. त्याच्यापुढे माझी हडळ इतकी फालतू दिसायला लागली की ऐश्वर्याने ती पूर्ण काढून टाकली. एवढ्या उन्हात उभा राहिलो त्याचं एकच दृश्य उरलंय, तेही पाठमोरं, आणि त्यात लोकांना मी वाळत घातलेली साडी वाटतो. गोष्टही बदलली. संचिता भाड्याने राहायला येते, रोज झाकणं वाजतात, ती घाबरते, आणि सिनेमाभर तुम्हीही घाबरता, मी शपथेवर सांगतो, मी स्वतः केलेला सिनेमा बघताना सलिलचा हात धरलेला. आणि शेवटी तिला, आणि आपल्यालाही, मालगाडी दिसते. तरी पण सर, गाडी दिसल्यावर भीती जाते आणि दुसरंच काहीतरी येऊन बसतं. त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. ऐश्वर्याने सिनेमाचं नाव 'वाढते' ठेवलंय.

९ फेब्रुवारीला, रविवारी, संध्याकाळी सात वाजता आजींच्या अंगणात दाखवतोय. आजींचीच चादर, मांडववाल्याच्या खुर्च्या. गावातले लोक येतील का माहीत नाही, काही जण अजून त्या घरावरून जात नाहीत. पण आम्हाला सगळ्यात आधी तुम्हाला दाखवायचाय. तुम्ही म्हणाला होतात, शेवटी दोरा दाखवत असाल तर. हा बघा, मालगाडी दाखवतोय. बघण्यासारखा झालाय सर. मी पहिल्यांदाच काहीतरी पुरं केलंय आणि ते तुम्ही बघितलं नाहीत तर मला ते अर्धंच वाटत राहील.

आजींनी विचारलं, मास्तर येल का? मी सांगितलं, गुडघे दुखतात, बहुतेक नाही येणार. त्यांनी मग तुमच्या पाकिटावरचा पत्ता शेजारच्या मुलीकडून वाचून घेतला. कशाला ते कळलं नाही.

आपला,
सूरज

*

डोंबिवली (पूर्व)
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. सूरज यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आठवड्यापूर्वी आले. उत्तर मुद्दाम आज लिहीत आहे, म्हणजे ते तुला खेळ झाल्यावर मिळेल आणि तू तोवर आशेवर राहशील. आशेवर माणूस खुर्च्या नीट मांडतो.

मी येऊ शकणार नाही. गुडघ्यांचे तुला ठाऊकच आहे. कल्याणला पूल चढून गाडी बदलणे आता जमत नाही. दुसरे असे की, सिनेमात मुख्य गोष्ट आवाज आहे, आणि माझ्या कानाचे यंत्र अंगणात नुसत्या शिट्ट्या मारील. तिसरे कारण लिहिणार होतो, पण ते कागदावर आणले तेव्हा कारण वाटेना, म्हणून खोडले आहे. वरची रेघ त्याचीच.

तू काम पुरे केलेस, याचा मला किती आनंद झाला हे तुझ्या आईला सांगितले आहे. तुलाही सांगायला हवे होते. आता सांगत आहे. आणि भीती जाऊन जे दुसरे काही येऊन बसते म्हणालास, त्यावर मी चार दिवस विचार करतो आहे. शास्त्रात त्याला काही शब्द असावा असे वाटत नाही. तुझ्या ऐश्वर्याला विचार, पुढच्या सिनेमात

इथे थांबावे लागले. दाराच्या घंटेला मी दिवा जोडून घेतला आहे, तो लुकलुकला. या वेळी माझ्याकडे कोणी येत नाही. उघडले तर हिरवे लुगडे नेसलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या एक वयस्क बाई. मी ओळखले नाही. कोण आपण, विचारले. त्यांनी उत्तर न देता कमरेचा बटवा सोडला आणि आतली वस्तू माझ्या हातावर ठेवली. सागवान. खाली प्र.

बाईंना नव्हे, पाचरेला ओळखले. मग बाईंना.

त्यांना आत बसवले आहे आणि हे उभ्यानेच लिहितो आहे. पाणी घेतले, चहा नको म्हणाल्या. कल्याणपर्यंत एकट्या आल्या, तिथून विचारत विचारत इथवर. खाली रिक्षा थांबवून ठेवली आहे. त्या इतक्या मोठ्याने बोलतात की यंत्राची गरजच पडत नाही. म्हणतात, "मास्तर, चपला घाला. झाकनां वाजायच्या आत पोचायचं हाय. पूल मी धरून चढवीन."

पाचर परत कशाला आणली, असे विचारले. म्हणाल्या, "आज लय पाव्हनं येनार हायत. तुमी सांगाल तर लावू, नायतर नको."

मी नको म्हणालो आहे.

हे पत्र आता पोस्टात टाकत नाही. हातानेच देतो. एक खुर्ची पुढच्या रांगेत, फळीच्या जवळ ठेव. आणि एक नव्हे, दोन.

प्रभाकर